मानवी हक्कांचा जाहीरनामा : अन्न, काम, निवारा ही कलमं नक्की कुणाच्या आग्रहाने आली?

ऋता_मिरज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आहे. विषय : "मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील कलम २२ ते २७ हे हक्क नसून सदिच्छा आहेत." चिठ्ठीत मला प्रतिकूल बाजू आली, म्हणजे ते हक्कच आहेत असं मला मांडायचं आहे.

ज्यांनी जाहीरनामा वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पहिल्या २१ कलमांत साधारण आपल्या ओळखीचे हक्क येतात. जीवित, छळापासून संरक्षण, कोर्ट, भाषण, धर्म, मतदान वगैरे. २२ पासून गाडी रूळ बदलते. सामाजिक सुरक्षा, काम, समान कामाला समान वेतन, कामगार संघटना, विश्रांती आणि पगारी सुट्टी, अन्न-वस्त्र-निवारा-औषधपाणी, शिक्षण, आणि शेवटी कला-विज्ञानात सहभाग.

माझी अडचण अशी. सरांनी वर्गात सांगितलं की ही कलमं म्हणजे सोव्हिएत रशियाची समजूत काढायला केलेली तडजोड. अमेरिकेने भाषणस्वातंत्र्य घातलं, रशियाने रोजगार घातला, हिशेब मिटला. क्लासच्या नोट्समध्येही हेच आहे. पण १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मतदान झालं तेव्हा ४८ देश बाजूने, विरोधात एकही नाही आणि ८ तटस्थ, आणि त्या आठांत रशिया आहे! ज्याच्यासाठी पंगत मांडली तोच पानावर बसला नाही, हे कसं?

दुसरं, भारताची भूमिका काय होती? आपल्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी पहिल्या कलमात फक्त पुरुषांचा उल्लेख होता तो बदलून घेतला, एवढीच माहिती सगळीकडे फिरते. आर्थिक हक्कांबद्दल त्या काय म्हणाल्या ते कुठेच नाही. "गुगल कर" असं सांगू नये, केलंय.

दुपारची_लोकल

कलम २४ वाचलंस का नीट? ठरावीक काळाने पगारी सुट्टी हा म्हणे मानवी हक्क. ज्या शेतमजुराला पगारच नाही त्याला पगारी सुट्टी कसली? पॅरिसमध्ये बसून लिहिलं की असं होतं.

सरळ हिशेब आहे. भाषणस्वातंत्र्य द्यायला सरकारला दमडी लागत नाही, फक्त आडवं यायचं नाही. नोकरी, घर, औषध द्यायचं तर कुणाच्या तरी खिशात हात घालावा लागतो. पहिल्या प्रकारातलं उद्या सकाळी देता येतं, दुसऱ्यातलं तिजोरी बघून. मग दोन्हीला एकच नाव का द्यायचं? बिल कोण भरणार ते आधी सांगा.

ऋता, चिठ्ठी वाईट आली तुझी. शुभेच्छा. :)

खडूफळा

ऋता, तुझी शंका अगदी बरोबर जागी आहे. सरांना वर्गात उभं करू नकोस, पण ती समजूत कागदपत्रांत बसत नाही.

जाहीरनाम्याचा पहिला खर्डा १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या जॉन हम्फ्री या कॅनेडियन वकिलाने केला. ४८ कलमांचा. काम, वैद्यकीय मदत, अन्न, घर, सामाजिक सुरक्षा हे सगळं त्यात तेव्हाच होतं, म्हणजे रशियन प्रतिनिधींनी दुरुस्त्यांची रास घालायच्या पुष्कळ आधी. हम्फ्रीने ते आणलं कुठून? मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेत कामगारांच्या हक्कांवर एक लांबलचक कलम आहेच (१२३ वं). चिली, क्यूबा, पनामा यांनी आपापले मसुदे पाठवले होते. आणि हे तुझ्या भाषणात हमखास घे : पनामाने जो मसुदा पुढे केला तो मुळात अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने जमवलेल्या समितीने १९४४ मध्ये तयार केला होता. काम, अन्न, घर, सामाजिक सुरक्षा हे हक्क अमेरिकेतल्या वकिलांच्या टेबलावर बसून लिहिले गेले होते. त्याच वर्षी ११ जानेवारीला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काँग्रेसपुढे "दुसरी हक्कांची सनद" मांडली, तिच्यातही उपयुक्त काम, पुरेसं अन्न-वस्त्र, चांगलं घर, औषधोपचार आहेत. मे १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा फिलाडेल्फिया जाहीरनामा आला. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. मंदी आणि महायुद्ध पाहून आलेली पिढी होती ती. बेकारांच्या रांगांतून हिटलर कसा उभा राहिला हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. रोजगार हा हक्क आहे असं म्हणायला त्यांना मॉस्कोच्या परवानगीची गरज नव्हती.

मग रशिया भांडत कशावर होता? काम हा हक्क आहे की नाही यावर नव्हे. तो हक्क पुरवायचं दायित्व राज्याचं आहे असं कलमाकलमात लिहा, यावर. संयुक्त राष्ट्र महासभेच्या तिसऱ्या समितीत (मसुद्यावर शेवटची चर्चा तिथे झाली) त्यांचे प्रतिनिधी पावलोव्ह पुन्हा पुन्हा हेच म्हणत राहिले. नुसतं "प्रत्येकाला कामाचा हक्क आहे" म्हणून काय उपयोग, बेकारी होऊ न देण्याची हमी राज्याने द्यावी असं लिहा. समोरच्यांना धास्ती अशी की असं लिहिलं तर राज्य म्हणजेच सर्व काही हे आपण सहीनिशी मान्य केलं असं होईल. ही धास्तीही पोकळ नव्हती. हमी देणाऱ्या त्या राज्यात स्वतंत्र कामगार संघटना काढायची सोय नव्हती, आणि कलम २३ मध्ये तोही हक्क आहे.

तोड निघाली ती कलम २२. फ्रान्सच्या रेने कासँ यांनी सगळ्या आर्थिक-सामाजिक हक्कांवर एक छत्री-कलम घालायचं सुचवलं. राष्ट्रीय प्रयत्नांतून, आंतरराष्ट्रीय सहकार्यातून आणि प्रत्येक राज्याची "रचना व साधनसामग्री" पाहून हे हक्क प्रत्यक्षात यावेत. या शेवटच्या शब्दांतून प्रत्येकाला आपापली पळवाट मिळाली. एलिनॉर रूझवेल्ट तर मतदानाच्या आदल्या दिवशी, ९ डिसेंबरला, सभेत स्पष्ट बोलल्या की या हक्कांमुळे सरकारवर कृती करण्याचं बंधन येतं असं अमेरिका मानत नाही. म्हणजे ज्या बाईंनी मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष म्हणून दोन वर्षं हा मसुदा ओढून नेला त्यांनाच सरकारची ही टीप वाचावी लागली. मला त्या प्रसंगी त्यांची दया येते.

तेव्हा तुझ्या आकड्याचं उत्तर असं. रशिया आणि त्याच्या गटाने तटस्थ राहायला इतरही कारणं दिली, देशांच्या सार्वभौमत्वाचं मोठं होतं. पण हक्क लिहिले आणि हमी गाळली ही तक्रार त्यांत होतीच. गंमत बघ, तटस्थांत दक्षिण आफ्रिकाही आहे. त्याच वर्षी, १९४८ च्या मे महिन्यात, तिथे वर्णद्वेषाचा कार्यक्रम घेऊन नवं सरकार आलं होतं. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं, की जाहीरनामा मूलभूत हक्कांपुरता ठेवा, हा आर्थिक-सामाजिक पसारा नको. तिसरा सौदी अरेबिया, त्याचं भांडण धर्म बदलण्याच्या आणि विवाहाच्या कलमांशी. एकाच रकान्यात बसलेल्या या आठ जणांची कारणं एकमेकांशी जुळत नाहीत.

चीनचे पी. सी. चँग मला या सगळ्यांत आवडतात. मसुद्यात "राहणीमान" असा गुळगुळीत शब्द पुरे म्हणणारे होते. चँग अडून बसले की अन्न आणि वस्त्र असं लिहाच, कोट्यवधी लोकांना नेमकं तेच मिळत नाही. कलम २५ मध्ये ते दोन शब्द आज आहेत.

आता भारत. इथे तुला जपून चालायला लागेल. १९४८ चा नोव्हेंबर डोळ्यापुढे आण. पॅरिसमध्ये तिसरी समिती कामाच्या आणि अन्नाच्या हक्कावर घासाघीस करत होती आणि त्याच महिन्यात दिल्लीत घटना समितीत मार्गदर्शक तत्त्वांवर नेमका हाच वाद चालला होता. कामाचा हक्क, पुरेशी मजुरी, शिक्षण हे घटनेत घ्यायचं ठरलं, पण कोर्टात मागता येणार नाही अशा भागात. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले के. टी. शहा कडाडले, म्हणाले हा तर बँकेला जमेल तेव्हा वटणारा चेक. टी. टी. कृष्णम्माचारींनी त्या सगळ्या भागाला भावनांची कचरापेटी म्हटलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबरला आधीच सांगून ठेवलं होतं की कोर्टात नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढे सरकारला या तत्त्वांचा जाब द्यावाच लागेल.

हेच बाबासाहेब दीड वर्षापूर्वी, मार्च १९४७ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने दिलेल्या "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" या निवेदनात पुष्कळ पुढे गेले होते. महत्त्वाचे उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करा आणि ते घटनेतच लिहा, म्हणजे बहुमत बदललं तरी हलणार नाही. त्यात त्यांनी बेकाराचं उदाहरण दिलंय. नोकरी देतो, पण संघटनेत जायचं नाही आणि भाषणस्वातंत्र्य सोडायचं, असा सौदा बेकारापुढे ठेवला तर तो काय निवडेल याबद्दल शंका आहे का, असं ते विचारतात. स्पर्धेत हा परिच्छेद आख्खा वाच. घड्याळ आड आलं तर दुसरं काही काप.

आणि हंसा मेहता. एसएनडीटीच्या कुलगुरू राहिलेल्या, घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीत बाबासाहेबांबरोबर बसलेल्या, चांगल्या तयारीच्या बाई. पण १९५१ मध्ये मानवी हक्क आयोगात जाहीरनाम्याचा बंधनकारक करार करायची वेळ आली तेव्हा भारताने असा ठराव मांडला की आर्थिक हक्क तितकेच मूलभूत आहेत, पण ते कोर्टात मागण्याजोगे नाहीत, अंमलबजावणीची रीत वेगळी आहे, सबब एकाच करारात सगळं घालण्याचा निर्णय फिरवा. आयोगाने तेव्हा तो फेटाळला. पण फेब्रुवारी १९५२ मध्ये महासभेने दोन वेगळे करार करायचं ठरवलं, आणि त्या मागणीत बेल्जियम, लेबनॉन, अमेरिकेबरोबर भारत होता. म्हणजे तुझ्या विरोधी बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवाद आपल्याच देशाने केलेला आहे.

खंडपीठ_नागपूर

वरचा प्रतिसाद उत्तम. घटनेचं कलम ३७ बघून ठेव, तत्त्वं कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत पण देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, असं एकाच वाक्यात लिहिलंय. आम्ही वकील लोक त्या "पण"वर गेली कित्येक वर्षं जगतोय.

कोर्टाने ती भिंत बरीच खणली. ओल्गा टेलिस खटला वाच. १९८१ च्या ऐन पावसात मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या काढून लोकांना गावी धाडायचा घाट मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात घातला गेला, त्यावरून. १० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उपजीविका काढून घेतली तर जगण्याचा हक्क उरतो कुठे, तेव्हा आपल्या घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, उपजीविका येते. भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण निकालाचा शेवटही वाच, नाहीतर समोरचा वाचून दाखवेल : ३१ ऑक्टोबरपर्यंत पाडू नका, पावसाळा जाऊ द्या, मग रीतसर पाडा. हक्क मिळाला, झोपडी गेली.

सर्वोच्च न्यायालयातल्या अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मात्र हाताला लागलं. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण द्यायला लावलं. माझी मुलगी आज ज्या शाळेत शिकवते तिथल्या खिचडीमागे तो कागद आहे. शिक्षणाचंही तसंच, २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, कलम २१-क, आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू.

दुपारची_लोकल

वकीलसाहेब, माझाच मुद्दा मांडलात. कोर्टाने कितीही गोड लिहिलं तरी शेवटी पैसा कुठून आणायचा ते न्यायमूर्तींना ठरवता येत नाही. आणि हंसाबेनही तेच म्हणत होत्या म्हणजे मी फारच चांगल्या संगतीत आहे की.

कामाच्या हक्काचं म्हणाल तर आपल्या राज्याने रोजगार हमी करून पाहिली. बोगस हजेऱ्या, मेलेल्या माणसांचे अंगठे, न झालेले पाझर तलाव. बिल भरलं आमच्यासारख्यांनी. हे जर हक्काचं मॉडेल असेल तर माझं सदिच्छांवर भागेल.

खडूफळा

लोकलवाले, तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे, बिल कोण भरणार हे विचारल्याशिवाय हक्काची चर्चा पुरी होत नाही. पण तो प्रश्न पहिल्या २१ कलमांनाही लावा. मी प्राथमिक शिक्षिका होते, निवडणुकीची ड्यूटी टळली असं सहसा झालं नाही. मतपेट्या, शाई, एसटी, बंदोबस्ताचे पोलीस, रात्री मुक्कामाला शाळेची सतरंजी. मतदानाचा हक्क फुकटात पडतो म्हणणाऱ्याला एकदा आडरानातल्या बूथवर केंद्राध्यक्ष करून पाठवावं.

आणि रोजगार हमीचं बिल कोण भरतं ते तर आपल्या राज्याने लपवलंच नाही. तुमचं पगारपत्रक काढा. व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर १९७५ च्या कायद्याने रोजगार हमीला पैसा उभा करायलाच आणला. शहरातल्या पगारदाराने कोरडवाहू भागातल्या मजुराच्या हक्काचा वाटा उचलायचा, असं विधिमंडळाने उघड उघड ठरवलं. तुमची कुरकुर रास्त आहे, पण पॅरिसवाल्यांनी जो प्रश्न साधनसामग्रीच्या शब्दांत गुंडाळून ठेवला त्याचं एक उत्तर तुमच्याच पगारातून कापलं जातंय.

ऋता, हे तुझ्यासाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली ही योजना. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, तुझ्या मिरजेपासून कितीसं लांब! ७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की १५ दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. केंद्राचा कायदा आला तो २००५ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर.

मी ऐंशीच्या दशकात माणदेशातल्या एका दोनशिक्षकी शाळेत होते. पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी दिवाळीनंतर बायका शाळेच्या ओट्यावर यायच्या, अर्ज लिहून द्या म्हणून. नवं काम काढायचं तर पन्नास मजूर लागायचे. आमच्या वाडीत तेवढे भरत नसत, मग शेजारच्या दोन वस्त्यांवर निरोप जायचा. रेघी कागदावर मी नावं लिहायची, समोर अंगठे. कार्बन घालून दोन प्रती. माझं काम तिथे संपत होतं आणि खरी लढाई तिथून पुढे कचेरीत सुरू व्हायची.

ती लढाई कशाची? तारखेची. पंधरा दिवस मोजायचे कधीपासून, तर अर्जाची पोच मिळाल्यापासून. म्हणून टेबलावरचा माणूस अर्ज नाकारत नसे. "ठेवा तिथं, साहेब आले की बघू" एवढंच म्हणे. अर्ज ठेवून आलं की पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. शिक्का-तारखेची पोच दिली तर मात्र सोळाव्या दिवशी सरकार बाकीदार. आमच्यातली एक म्हातारी हे पक्कं ओळखून होती. तिला सही येत नव्हती, पण कचेरीच्या व्हरांड्यात ठिय्या देऊन बसायची आणि म्हणायची, "मला वाचाय येत न्हाय, पर जांभळा शिक्का वळखतो म्या. त्यो उठल्याबिगार उठत न्हाय." दुपारची चहाची वेळ टळून जायची, बायका भाकरी सोडून तिथेच खायच्या, आणि कचेरी बंद व्हायच्या आत कुणीतरी कंटाळून शिक्का मारून द्यायचं.

काम निघालं की ते सुख नव्हतं. चौकड्या, म्हणजे मापाचे चौकोनी खड्डे, खणायच्या. मजुरी मापावर, त्यामुळे माती की मुरूम हे लिहिणाऱ्याच्या हातात आठवड्याचा बाजार. कठीण मुरूम खणून मऊ मातीचा दर पडला की बायका रडायच्या. काही वर्षं मजुरीत धान्याची कुपनंही असत, त्यांचं धान्य वेळेवर मिळेलच असं नाही. बोगस हजेऱ्या होत्या, लोकलवाले खोटं बोलत नाहीत. बेकारी भत्ता मी हातात पडलेला पाहिला नाही. पण दर बाईला बाप्याइतकाच होता. एकेका चौकडीला माप एक, दाम एक. कलम २३ मधलं समान कामाला समान वेतन आमच्या भागात आधी रोहयोच्या बांधावर आलं, शेतात आजही बाईला हजेरी कमीच.

म्हणून मला पॅरिसमधला तो वाद केवळ शीतयुद्धाची कुस्ती वाटत नाही. हमी कुणाची हे लिहा, असं म्हणणाऱ्यांच्या देशात मजुराला व्हरांड्यात ठिय्या देता आला नसता, हे खरं. आणि हमीचा शब्द काढून टाकणाऱ्यांच्या जाहीरनाम्यात पोच द्यायला टेबलावर माणूसच नाही, हेही खरं. त्या म्हातारीला दोन्ही लागत होतं. पंधरा दिवसांची मुदत लागत होती आणि बसून राहायची मोकळीकही, आणि त्यातलं एक पहिल्या २१ कलमांतलं आहे.

हंसाबेनना दोष देऊ नकोस. कोर्टाला नोकऱ्या निर्माण करता येत नाहीत ही त्यांची अडचण खरीच होती. रोजगार हमीच्या कायद्याने ती वळसा घालून सोडवली. न्यायाधीशाने अर्थसंकल्प करायचा नाही. विधिमंडळाने मुदत, कर आणि भत्ता ठरवून ठेवायचा, आणि दाद मागायची ती फक्त ठरलेलं पाळलं नाही म्हणून. एवढं कोणत्याही कोर्टाला जमतं.

खंडपीठ_नागपूर

+१. आणि तारखांची एक गंमत. दोन्ही करार १६ डिसेंबर १९६६ ला झाले, आर्थिक हक्कांचा ३ जानेवारी १९७६ पासून अंमलात. भारत त्यांत सामील झाला १० एप्रिल १९७९ ला, रोहयो कायदा लागू झाल्यावर जेमतेम अडीच महिन्यांनी. दिल्लीने मुंबईकडे बघून केलं असं नव्हे, योगायोगच. अमेरिकेने आर्थिक हक्कांच्या करारावर १९७७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही.

दुपारची_लोकल

पगारपत्रक पाहिलं. २०० आहेत. इतकी वर्षं हे महापालिकेचं काहीतरी असेल असं समजत होतो. मुद्दा सोडलेला नाही, पण बाईंशी भांडायला आधी गृहपाठ करून येतो.

ऋता_मिरज

बाई, काय बोलू! वहीची सहा पानं भरली. तासगावचं ऐकून आई म्हणाली, तिच्या मामाकडे पाझर तलाव "हमीचा तलाव" म्हणूनच ओळखतात, आम्हाला वाटायचं कुणा हमीदसाहेबांच्या नावाचा आहे.

एकच भीती आहे. समोरची जोडी पुण्याची आहे, तयारीची आहे. त्यांना १९५१ चा तो भारताचा ठराव सापडला तर? मला आठ मिनिटं आहेत आणि खंडनाला तीन.

खडूफळा

सापडेलच असं धरून चाल. तुझं भाषण आधी आहे का नंतर? आधी असेल तर तो ठराव तूच मांड, हंसाबेनचं नाव घेऊन, त्यांची अडचण खरी होती असंही म्हण, आणि लगेच तासगाव. नंतर असेल तर खंडनाची तीनही मिनिटं त्यालाच दे, ओल्गा टेलिसच्या नादी लागू नकोस. पगारी सुट्टीवरून कुणी हसलं तर हसू दे, परीक्षक बहुतेक प्राध्यापक असतील, त्यांना मे महिना आठवेल.

स्पर्धा कधी आहे ते कळव. आणि "स्टेट्स अँड मायनॉरिटीज"मधला बेकाराचा परिच्छेद मोठ्याने वाचून बघ, घरात दोनदा. लांब वाक्य आहे, मध्ये श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवून ठेव.